जहाज दाखवा, पण गोदीसकट



एप्रिल महिना जवळ येऊ लागला की वस्तीवस्तीत मंडळांच्या बैठका सुरू होतात. वर्गणी, मंडप, मिरवणूक, व्याख्याते असे विषय ओळीने येतात आणि शेवटी देखाव्यावर गाडी येऊन थांबते. चवदार तळे, दीक्षाभूमी, राजगृह, संसद भवन हे देखावे आपण वर्षानुवर्षे करीत आलो आहोत आणि ते करावेतच. परंतु आपल्या अभ्यासिकांमध्ये बसणारी मुले आता नवे काही मागू लागली आहेत. आमच्या वस्तीतील सातवी-आठवीच्या मुलामुलींनी एकमुखाने सांगितले, "काका, आम्हाला युद्धनौका करायची आहे. बंदरासकट."

हे ऐकून ज्येष्ठ मंडळींच्या कपाळावर आठ्या पडल्या. एका वडीलधाऱ्यांनी विचारले, तथागतांच्या धम्मात युद्धनौकेचे काय काम? एका पालकाने विचारले, पुठ्ठ्याची बोट करून परीक्षेत मार्क मिळतात काय? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांना उडवून न लावता उत्तर दिले पाहिजे. म्हणून आजच्या सदरात युद्धनौकेचा देखावा कसा करावा हे सांगतो आणि तो आपण का करावा हेही सांगतो.

प्रथम जहाज कोणते हे ठरवू. टीव्हीवर दिसणारी कोणतीही बोट उचलावी असे नाही. मुंबईच्या गोदीतच बांधलेली, दोनशे वर्षांहून अधिक जुनी आणि आजही पाण्यावर तरंगत असलेली एक युद्धनौका आहे. तिचे नाव 'एच.एम.एस. त्रिंकोमाली'. श्रीलंकेतील त्रिंकोमाली बंदराजवळ १७८२ साली जी आरमारी लढाई झाली, तिच्यावरून हे नाव ठेवले गेले. ही नौका आज इंग्लंडच्या हार्टलपूल शहरात आहे. जुन्या काळच्या बंदरासारखे धक्के, दुकाने आणि घरे उभारून त्यांच्या शेजारी पाण्यात तिला ठेवले आहे. ब्रिटिश युद्धनौकांपैकी तरंगत असलेली सर्वांत जुनी नौका म्हणून जगभरचे लोक तिला पाहायला जातात. तिचे सागवान मात्र आपल्या देशातले आणि ती घडवणारे हात आपल्या मुंबईतले.

ती मुंबईत का बांधली गेली? नेपोलियनशी चाललेल्या लढायांमुळे इंग्लंडला जहाजांची गरज फार होती आणि त्यांच्याकडे ओक झाडाचे लाकूड अपुरे पडू लागले होते. आपल्याकडे मलबारचे सागवान होते. सागवानात अंगचे तेल असते, त्यामुळे त्यात ठोकलेले लोखंडी खिळे लवकर गंजत नाहीत. ओकच्या लाकडात आम्ल असते, ते लोखंड खाते. शिवाय मुंबईत सुरतेहून आलेल्या वाडिया या पारशी घराण्याची जहाजबांधणीची परंपरा होती. लवजी नसरवानजी वाडिया हे १७३६ च्या सुमारास मुंबईत आले आणि त्यांच्या वंशातील जमशेटजी बोमनजी वाडिया यांच्या हाताखाली त्रिंकोमाली तयार झाली. १८१६ च्या उन्हाळ्यात तिचा कणा मांडला गेला. पारशी रिवाजाप्रमाणे जमशेटजींनी त्या कण्यात चांदीचा खिळा ठोकला. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी जहाज पाण्यात गेले. म्हणजे दीड वर्षाच्या आसपास काम झाले. खर्च सुमारे २३ हजार पौंड आला.

आता वडीलधाऱ्यांच्या पहिल्या प्रश्नाकडे वळतो. मुंबईत बांधलेल्या युद्धनौकांनी चांगलेच काम केले असे मुलांना मुळीच सांगू नये. १८१३ साली येथेच बांधलेल्या 'कॉर्नवॉलिस' या जहाजावर १८४२ साली नानकिंगचा तह झाला. अफूच्या व्यापारासाठी चीनवर लादलेल्या युद्धाचा तो शेवट होता. हे मुलांना ठाऊक असले पाहिजे. त्रिंकोमालीचे आयुष्य मात्र निराळे गेले. ती इंग्लंडला पोहोचली १८१९ साली, तोवर नेपोलियनचा पराभव होऊन चार वर्षे झाली होती. पुढे सुमारे पंचवीस वर्षे ती राखीव म्हणून बांधून ठेवलेली होती. १८९७ साली एका गृहस्थाने ती विकत घेतली, तिचे नाव बदलले आणि तिच्यावर तरुणांना नौकानयन शिकवण्याची शाळा सुरू झाली. ती शाळा १९८६ पर्यंत चालली. नंतर जहाज हार्टलपूलला नेण्यात आले, त्याला जुने नाव परत मिळाले आणि २००१ साली डागडुजी पूर्ण झाली. तोफांसाठी बांधलेल्या नौकेची इतकी वर्षे मुलांना शिकवण्यात गेली, ही गोष्ट आपल्या घरात सांगण्यासारखी आहे.

तरीसुद्धा मी मुलांना तोफा झाडणारे जहाज करा असे सांगणार नाही. मी सांगेन की जहाज गोदीत बांधले जात असतानाचा देखावा करा. यात तीन फायदे आहेत. पहिला, बांधणी चालू असताना तोफा चढवलेल्या नसतात, तोफांच्या खिडक्या मोकळ्या असतात. दुसरा, डोलकाठ्या, शिडे आणि शेकडो दोऱ्यांचे जंजाळ अजून आलेले नसते. नवख्या मुलांचा धीर नेमका या दोऱ्यांपाशी सुटतो आणि अर्धवट जहाज माळ्यावर जाते. तिसरा फायदा सर्वांत मोठा आहे. बांधणीच्या देखाव्यात कामगार दाखवावेच लागतात. नुसते जहाज काचेच्या पेटीत ठेवले तर ती शोभेची वस्तू होते. त्याच्याभोवती गोदी, धक्का आणि राबणारी माणसे उभी केली की त्या जहाजाचा इतिहास दिसू लागतो.

गोदी म्हणजे काय हे आधी समजून घ्या. जहाज बांधायचा कोरडा हौद हा समुद्राच्या काठी खोदलेला, दगडी भिंतींचा मोठा खड्डा असतो. त्याच्या भिंती पायऱ्यापायऱ्यांच्या असतात आणि समुद्राच्या बाजूला दरवाजे असतात. दरवाजे बंद करून पाणी काढून टाकले की आत कोरडे काम करता येते. जहाज तयार झाल्यावर भरतीच्या वेळी पाणी आत घेतात, जहाज आपोआप उचलले जाते आणि दरवाजे उघडून त्याला बाहेर ओढतात. मुंबईत भरती-ओहोटीच्या पाण्यातला फरक मोठा असल्यामुळे असे हौद येथे चांगले चालले. इंग्रज गव्हर्नर जोनाथन डंकन याच्या नावाची डंकन गोदी १८१० साली पूर्ण झाली. आज हा सर्व भाग नौदलाच्या ताब्यात आहे, आत सर्वांना जाता येत नाही. फोर्टात कामाला जाणारे आपले कितीतरी बांधव त्या भिंतीवरून रोज जातात.

आता प्रमाण. देखाव्याचा सगळा जीव प्रमाणात आहे. आपण एकास शंभर हे प्रमाण घेऊ. खऱ्या जहाजातला एक मीटर म्हणजे आपल्या देखाव्यातला एक सेंटिमीटर. हिशेब सोपा, पट्टी शाळेचीच. त्रिंकोमालीच्या तोफमजल्याची लांबी सुमारे ४६ मीटर आणि रुंदी सुमारे १२ मीटर. म्हणजे आपले जहाज ४६ सेंटिमीटर लांब आणि १२ सेंटिमीटर रुंद होईल. मुख्य तोफमजल्यावर २८ तोफांची रचना होती, म्हणून एका बाजूला १४ खिडक्या काढाव्यात.

बाकीची मापे त्रैराशिकाने काढा. जहाजाचे अगदी बाजूने घेतलेले चित्र किंवा फोटो मिळवा आणि मोठा छापून घ्या. समजा, छापील चित्रात तोफमजला २३ सेंटिमीटर आला. खरा तोफमजला ४६ मीटर आहे. म्हणजे चित्रातला एक सेंटिमीटर बरोबर खरे दोन मीटर. आता चित्रात एखादा भाग दोन सेंटिमीटर उंच दिसला, तर तो खरा चार मीटर आणि आपल्या देखाव्यात चार सेंटिमीटर. पाचवी-सहावीच्या पुस्तकातले त्रैराशिक मुलांना फळ्यावर रुक्ष वाटते, इथे तेच पोरे भांडून सोडवतात. परीक्षेच्या मार्कांची काळजी करणाऱ्या पालकांना माझे हे एक उत्तर आहे.

सगळी मापे एका कागदावर उतरवून नकाशा करा आणि त्याची एक प्रत घरी वेगळी ठेवा. हे सांगण्याला कारण आहे. या जहाजाचे नकाशे घेऊन निघालेली 'जावा' नावाची इंग्रज नौका १८१२ साली अमेरिकन युद्धनौकेशी झालेल्या लढाईत गेली, तिच्याबरोबर नकाशेही गेले. दुसरे नकाशे येईपर्यंत मुंबईतले काम खोळंबले. बाबासाहेबांचीही पुस्तके १९१७ साली पाणतीर लागून बुडालेल्या बोटीबरोबर समुद्रात गेली, हे आपण जाणतोच. कागदाची दुसरी प्रत असणे किती मोलाचे, हे मुलांना यावरून पटेल.

साहित्य शक्यतो घरातलेच घ्यावे. किराणा दुकानातली जाड खोकी, जुन्या वह्यांचे पुठ्ठे, जुन्या लग्नपत्रिका, वर्तमानपत्राची रद्दी, काड्यापेटीच्या काड्या, आईच्या शिलाईचा उरलेला दोरा, विजेच्या जुन्या वायरमधली तांब्याची तार. वंदनेच्या वेळी जळून उरलेल्या अगरबत्तीच्या काड्या एका डब्यात साठवत जा, त्या फार कामाला येतात. विकत आणायचे ते फेव्हिकॉल, दोन ब्रश आणि तीन-चार रंगांच्या डब्या. थर्माकोल आणू नका. राज्यात २०१८ साली त्याच्या सजावटीवर बंदी आली आहे. आणि बंदी नसती तरी आपल्या देखाव्याचा कचरा नाल्यात जाऊन आपल्याच वस्तीत पाणी तुंबवणे शहाणपणाचे नाही.

कामाचा क्रम असा ठेवावा.

प्रथम जाड पुठ्ठ्याचा कणा कापा. बाजूने जहाज जसे दिसते तोच त्याचा आकार. मग आडव्या बरगड्या कापा, दर चार सेंटिमीटरला एक, म्हणजे दहा-अकरा होतील. मधली बरगडी १२ सेंटिमीटर रुंद, पुढे नाळेकडे आणि मागे सुकाणूकडे त्या निमुळत्या होत जातात. कण्याला वरून आणि बरगडीला खालून निम्म्यापर्यंत चीर द्या आणि दोन्ही एकमेकांत अडकवा. फेव्हिकॉल लावून रात्रभर वजनाखाली न दाबता सरळ उभे सुकू द्या. कणा वाकडा झाला तर पुढचे सर्व वाकडे होते. ब्लेड आणि कटरचे काम मोठ्या माणसाने करावे, लहानांच्या हाती देऊ नये.

दुसरे काम फळ्यांचे. लग्नपत्रिकेचा कागद जाड, गुळगुळीत असतो. त्याच्या तीन मिलिमीटर रुंद आणि सहा ते आठ सेंटिमीटर लांब पट्ट्या कापा. खऱ्या मापात या सहा ते आठ मीटर लांबीच्या फळ्या झाल्या. भिंतीच्या विटांसारखे सांधे मागेपुढे येतील अशा त्या चिकटवत जा. एका बाजूला सर्व फळ्या लावा, दुसऱ्या बाजूला अर्ध्याच लावा आणि वरच्या बरगड्या उघड्या ठेवा. पाहणाऱ्याला जहाज आतून कसे असते ते दिसते आणि आपले निम्मे श्रमही वाचतात. कोऱ्या चहाचे दाट पाणी ब्रशने हलक्या हाताने लावले की नव्या सागवानाचा रंग येतो. दोन हात द्या, मध्ये वाळू द्या. तळाला किडा लागू नये म्हणून अशा जहाजांना पाण्याखालच्या भागावर तांब्याचे पत्रे ठोकत. ते दाखवायचे असतील तर थोड्याच भागावर तांबूस कागदाचे चौकोन लावा, काम चालू आहे असे वाटेल.

तिसरे काम गोदीचे. खोक्याचे पुठ्ठे एकावर एक रचून सुमारे ५५ सेंटिमीटर लांब आणि १८ सेंटिमीटर रुंद असा हौद करा. भिंतींना पायऱ्या ठेवा. रद्दी भिजवून कुटलेला लगदा आणि बारीक चाळलेली राख एकत्र करून भिंतींवर लिंपा आणि ओले असतानाच काडीने दगडांचे सांधे ओढा. हौदाच्या तळाशी काड्यापेटीच्या काड्यांचे ठोकळे मांडा, त्यांच्यावर जहाजाचा कणा टेकेल. दोन्ही बाजूंनी अगरबत्तीच्या काड्यांचे टेकू द्या आणि त्याच काड्या दोऱ्याने बांधून परांची उभी करा.

चौथे काम बंदराचे. हौदाच्या दरवाजापलीकडे समुद्र दाखवा. पाणी गडद निळे रंगवू नका. मुंबई बंदराचे पाणी मातकट आणि राखी हिरवे असते, आपण ते रोज पाहतो. काठाशी ओहोटीचा चिखल दाखवा. पाण्यात एखादी फत्तेमारी, दोन-चार होड्या आणि किनाऱ्यावर सागवानाचे ओंडके पडलेले दाखवा. मलबारचे लाकूड समुद्रमार्गेच येत असे.

काय दाखवू नये, हे त्याहून महत्त्वाचे. मुंबई बंदर म्हटले की हात आपोआप गेटवे ऑफ इंडियाकडे जातो. गेटवे १९२४ साली पुरा झाला. ताजमहाल हॉटेल १९०३ चे. राजाबाई टॉवर १८७८ चा. टाऊन हॉल, ज्यात आज एशियाटिक सोसायटी आहे, तो १८३३ चा. आगगाडी १८५३ ची. यांतले काहीही १८१७ च्या देखाव्यात येऊ शकत नाही. ताडामाडाची झाडे, कोटाची भिंत आणि मागे सेंट थॉमस चर्च चालेल, कारण ते १७१८ पासून उभे आहे. मुलांना प्रत्येक वस्तूपुढे साल लिहायला लावा. इतिहासात कोणती गोष्ट आधीची आणि कोणती नंतरची हे ज्याला कळते, त्याला भाषणबाजीने कोणी सहज फसवू शकत नाही.

पाचवे आणि सर्वांत महत्त्वाचे काम माणसांचे. एकास शंभर प्रमाणात मोठा माणूस सोळा-सतरा मिलिमीटर उंच येतो, बोटाच्या पेराहूनही कमी. तांब्याच्या बारीक तारेला पीळ देऊन हातपाय करा, त्यावर भिजवलेल्या कागदाचा लगदा चढवा, वाळल्यावर रंगवा. ओंडके फाडणारे करवत्ये जोडीने दाखवा, एक वर आणि एक खाली. फळ्यांना भोके पाडणारे सुतार, भट्टीवरचे लोहार, सांध्यांच्या फटी बुजवणारे, दोर ओढणारे, खांद्यावर वासा घेऊन चाललेले हमाल, पाण्याची पखाल पाठीवर घेतलेला माणूस दाखवा. कोपऱ्यात घरून भाकरी घेऊन आलेले कोणी दाखवा, कारण राबणाऱ्याला भूक लागते. मिस्त्री जमशेटजी वाडिया पागोट्यात दाखवा. एखादा गोरा अंमलदारही दाखवा.

इथे एक गोष्ट मुलांच्या लक्षात आपोआप येते. गोरा अंमलदार सोळा-सतरा मिलिमीटर, जमशेटजी सोळा-सतरा मिलिमीटर आणि हमालही सोळा-सतरा मिलिमीटर. पट्टी कोणाची जात विचारत नाही, हुद्दा विचारत नाही. आपल्या चौकातले फ्लेक्स बोर्ड पाहा. पुढारी पुरुषभर उंच असतो आणि ज्यांनी रात्रभर जागून तो बोर्ड लावला, त्यांचे चेहरे खाली पासपोर्ट फोटोएवढे. दरबारी चित्रांतही राजा मोठा आणि चाकर लहान. खऱ्या प्रमाणात काम करणाऱ्याला ही लबाडी करता येत नाही. एका साहेबामागे निदान वीस कामगार मांडले, तर गोदीत कोणाच्या बळावर काम चालत होते हे सांगायला वक्ता बोलवावा लागत नाही.

बंधू-भगिनींनो, आता सालाकडे पुन्हा एकदा पाहू. त्रिंकोमाली पाण्यात गेली १२ ऑक्टोबर १८१७ रोजी. त्यानंतर तीनच महिन्यांच्या आत, १ जानेवारी १८१८ रोजी, भीमा कोरेगावची लढाई झाली. तेथील विजयस्तंभावर नावाच्या शेवटी 'नाक' असलेल्या आपल्या शूर पूर्वजांची नावे कोरलेली आहेत. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब तेथे अभिवादनाला गेले, आज लाखो लोक जातात. ती नावे दगडावर राहिली म्हणून आपल्याला आपला इतिहास सांगता आला. नावेच नसती तर आपल्या सांगण्यावर कोणी विश्वास ठेवला असता काय?

त्याच सालातल्या गोदीकडे मात्र पाहा. जहाजाचे नाव राहिले, ज्या लढाईवरून ते ठेवले ती लढाई राहिली, मिस्त्रीचे नाव राहिले. जमशेटजींचे नाव राहिले हे योग्यच झाले, ते त्यांनी कर्तृत्वाने मिळवले होते. परंतु दीड वर्ष उन्हापावसात करवत ओढणाऱ्याचे, दोर ओढणाऱ्याचे, ओंडके वाहणाऱ्याचे नाव आपल्या हाती येणाऱ्या पुस्तकांत सापडत नाही. त्यांनी रचलेले लाकूड दोनशे वर्षे पाण्यावर टिकले आहे.

कोणी म्हणेल, जुन्या काळी कामगारांची नावे कोण लिहीत होते? त्याला कार्ल्याला घेऊन जा. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या आपल्या बौद्ध चैत्यगृहाच्या दर्शनी भागात ब्राह्मी लिपीतला एक लेख आहे. धेनुकाकट गावचा सुतार सामी, वेणुवासाचा पुत्र, याने दाराचे काम केले असे त्यात नोंदलेले आहे. राजाचे नव्हे, सावकाराचे नव्हे, एका सुताराचे नाव गावासकट आणि बापाच्या नावासकट दगडात कोरले गेले. श्रम करणाऱ्याची नोंद ठेवणे ही आपली जुनी धम्मपरंपरा आहे. युद्धनौकेचा देखावा बौद्धांच्या मुलांनी का करावा, या प्रश्नाचे माझे उत्तर हेच आहे. दुसरा कोणी हा देखावा करील तेव्हा तोफा रंगवील. आपल्या मुलांनी केला तर ती माणसे मांडतील.

पालकांसाठी आणखी दोन शब्द. हे काम एकट्याने करू नये आणि मुलग्यांपुरते ठेवू नये. आमच्याकडे बारीक पट्ट्या कापण्यात आणि माणसे रंगवण्यात मुलींचा हात अधिक स्थिर आहे असे दिसते, म्हणून त्यांना फक्त खळ शिजवायला बसवू नका. नकाशा मुलीनेही काढावा आणि चिकटवणे मुलग्यानेही करावे. रोज संध्याकाळी अभ्यास झाल्यावर एक तास दिला तर सहा ते आठ आठवड्यांत देखावा उभा राहतो. एक मुलगी हिशेबाची वही ठेवील, दुसरा मुलगा कामाची हजेरी ठेवील. आलेला प्रत्येक रुपया आणि गेलेला प्रत्येक रुपया वहीत लिहावा आणि जयंतीच्या दिवशी ती वही देखाव्याशेजारी उघडी ठेवावी. मोठ्यांच्या मंडळांनीही त्यावरून काही घेतले तर मला आनंदच होईल.

आणि हे केवळ सुट्टीतले खेळणे आहे असे समजू नका. नकाशा वाचणे, माप घेणे, प्रमाणात कापणे आणि सांधा जुळवणे या गोष्टी फिटर, वेल्डर, सुतार, ड्राफ्ट्समन या सर्वांना लागतात. आपल्या मुंबईत माझगाव गोदीत आजही युद्धनौका बांधल्या जातात. १९६८ साली जलावतरण झालेली 'निलगिरी' तेथलीच. तेथे शिकाऊ उमेदवारांच्या जागा निघतात, आठवी आणि दहावी झालेल्यांना तसेच आयटीआय केलेल्यांनाही त्यात संधी असते. राखीव जागाही असतात. जाहिरातीवर लक्ष ठेवा, जातीचा दाखला आणि वैधतेची कागदपत्रे वेळेत तयार ठेवा. ज्या मुलाने एकदा पुठ्ठ्याची का होईना पण बरगडी कण्याला जुळवली आहे, तो कारखान्यातल्या नकाशापुढे बावरणार नाही.

शेवटी पाटीविषयी. देखाव्यापुढे पाटी लावताना जहाजाचे नाव, लांबी-रुंदी, प्रमाण आणि साल स्वच्छ अक्षरांत लिहा. त्याखाली एक ओळ लिहा: 'ही नौका ज्यांनी राबून बांधली आणि ज्यांची नावे नोंदली गेली नाहीत, त्या सर्व कामगारांना अभिवादन.' आणि देखाव्याच्या मागच्या पुठ्ठ्यावर काम केलेल्या प्रत्येक मुलामुलीचे नाव, आईच्या आणि वडिलांच्या नावासकट लिहा. ज्याने कण्याला चीर दिली त्याचे, जिने पट्ट्या कापल्या तिचे, ज्या चिमुरड्याने नुसत्या अगरबत्तीच्या काड्या गोळा केल्या त्याचेही. सगळी नावे एकाच मापाच्या अक्षरांत. अध्यक्ष आणि कार्याध्यक्षांची नावे मंडपाच्या कमानीवर असतातच, ती इथे नकोत.

ज्या वस्तीत हा देखावा उभा राहील, तेथील कार्यकर्त्यांनी पाहायला येणाऱ्या प्रत्येक मुलाला एक प्रश्न जरूर विचारावा: यात सर्वांत उंच माणूस कोण, ते पट्टी घेऊन मोजून सांग. उत्तर शोधताना ते मूल जे शिकेल, तो आपल्या जयंतीचा प्रसाद समजा.

जयभीम! नमो बुद्धाय!